शोभाताईंकडून परत आलेला डबा

मित्रांनो, उज्जैनच्या माधव नगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत पुठ्ठ्याचा एक खोका ठेवलाय. त्यात भोकं मोठी झालेली चाळणी आहे, दांडा सुटलेला झारा आहे, तळ फुगलेला कुकर आहे आणि मी आहे. मी कडीचा डबा. स्टीलचा, चार माणसांची भाजी मावेल एवढा, दोन्ही बाजूंना चाप, पोटावर एक पोचा. भंगारवाला आला की आम्हा सगळ्यांना एकदमच नेणार आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही, भांड्याला कधीतरी जायचंच असतं. पण मला एक गोष्ट माहीत आहे, ती जाण्याआधी कुणाला तरी सांगायची आहे, आणि ऐकायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्र्याची एक चकती होतो मी, वरून दाब आला आणि पोट सुटलं. चकतीचा डबा झालो. मग फिरत्या चाकावर मला इतकं घासलं की माझं मलाच तोंड दिसायला लागलं. तिथून गोणीत बसून उज्जैनला आलो, गोपाल मंदिराजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात. धनतेरसच्या दिवशी दुकानदारानं मला अगदी पुढे मांडलं होतं. गर्दी म्हणजे काय विचारू नका! जो तो येऊन माझ्या पोटावर टिचकी मारून जात होता.

त्या गर्दीत नंदा होती. तिच्या नवऱ्याची, सुहासरावांची, सांगलीहून बँकेच्या उज्जैन शाखेत नुकतीच बदली झाली होती. गाव नवीन, भाषा नवीन. तिनं मला उचललं आणि दुकानदाराला विचारलं, "भैया, इसका झाकण घट्ट बसता है क्या? रस्सा सांडेगा तो नहीं?"

दुकानदार नुसता बघत राहिला. शेजारी उभ्या असलेल्या एक बाई मात्र खळखळून हसल्या. "अहो, मराठीत बोला! त्याला सगळं समजतं. या दुकानात अर्धी गिऱ्हाइकं आपलीच आहेत." त्या शोभाताई. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते, तेव्हापासून घराणं इथलंच. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली की कुठून कुठं गेली ते कळू नये. त्यांनी मला हातात घेतलं, चाप लावले, उलटं करून हलवलं आणि नंदाला म्हणाल्या, "घेऊन टाक. मस्त आहे. कुठं राहतेस? माधव नगर? अरे वा, मग तर आपण शेजारणी निघालो." दुकानदारानं विजेच्या पेनानं माझ्या बुडावर 'सौ. नंदा' असं नाव घातलं. गुदगुल्या झाल्या मला.

दुसऱ्याच दिवशी नंदानं माझ्यात भरली वांगी घातली आणि मला शोभाताईंकडे पोचवलं. मी परत आलो तो शेवेची भाजी घेऊन. नंदानं झाकण उघडलं आणि किंचाळलीच, "अगं बाई! फरसाणाची भाजी?" मग बोटानं चाखली. मग पोळी घेतली. रात्री सुहासरावांच्या वाट्याला जेमतेम चमचाभर उरली होती.

तेव्हापासून मी त्या दोघींचा झालो. रोज दुपारचा चहा झाला की फोन वाजायचा. मी ओट्यावर उपडा असायचो, सगळं ऐकायचो.

"काय करून राहिली आहेस आज?" शोभाताई विचारायच्या.

"काही सुचत नाहीये हो. अर्धा दुधी पडलाय, आणि दुधी म्हटलं की ह्यांना ताप येतो."

"मग किसून टाक ना, त्यात बेसन, ओवा, जरासं दही. थालीपीठं लाव. दुधी आहे हे त्यांना कळू पण देऊ नको."

"आणि तुमच्याकडे?"

"माझी कढी चढली आहे. तू थालीपीठं धाड, मी कढी धाडते. झाला दोन्ही घरचा खाना, फिकर संपली!"

बस, एवढंच बोलणं असायचं. पण एवढ्या बोलण्यावर त्यांची दोन घरं चालायची. नंदाला इथले बाफले शोभाताईंनी शिकवले: आधी पाण्यात उकळायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवायचे, आणि मग दुपारभर कुणी उठायचं नाही. भुट्ट्याच्या, म्हणजे मक्याच्या कणसाच्या, किसात दूध कधी घालायचं हेही त्यांनीच सांगितलं. शोभाताईंच्या घरी कांदा-लसणाचा मसाला पहिल्यांदा गेला तो माझ्याच पोटातून. त्यांच्या घरच्यांनी नाकं मुरडली आणि मग आमटी मागून मागून खाल्ली. शेजारच्या बायका एकमेकींना ताटांचे फोटो पाठवायच्या. शोभाताई म्हणायच्या, "फोटोनं पोट भरतं काय? डबा धाड, डबा!"

आणि मित्रांनो, एक गोष्ट दोघींनी कधी मोडली नाही. डबा भरलेला आला की भरलेलाच परत जायचा. रिकामा डबा परत करायचा नाही, ही त्यांच्या आयांची, सासवांची रीत. घरात वरणभात असला तरी दोन लोणच्याच्या फोडी तरी जायच्या, चार लाडू जायचे, नाहीतर नुसत्या भाजलेल्या शेंगा. मला याचा फार अभिमान होता. फ्रीजमध्ये ते प्लास्टिकचे डबे असायचे, एकदा हळद लागली की जन्मभर पिवळे! त्यांना कोणी कुठं नेत नव्हतं. मी मात्र रोज बाहेर पडणारा डबा होतो.

वर्षं गेली. सुहासराव इथूनच निवृत्त झाले. मुलगा तुषार पुण्याला नोकरीला लागला आणि दर रविवारी फोनवर तेच घोकायचा, "आई, या ना इकडे. तिथे कोण आहे आता तुमचं?" नंदा म्हणायची, "शोभाताई आहेत. पुण्यात येऊन संध्याकाळी काय करू हे मी कुणाला विचारू? तुला?" खरं सांगतो, नंदा उज्जैनला राहिली होती ती त्या एका फोनच्या जोरावर.

शोभाताईंचे यजमान गेले. मग त्यांच्या मुलानं देवास रोडच्या बाजूला फ्लॅट घेतला आणि शोभाताई मुलाकडे, सुनेकडे राहायला गेल्या. अंतर वाढलं, पण मी थांबलो नाही. सुहासराव स्कूटरच्या हुकाला मला अडकवून संध्याकाळी फेरी मारायचे. फ्लॅटच्या दारात द्यायचे, दारातून घ्यायचे, आत येऊन बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मी बँकेतला मॅनेजर, आणि आता डब्बेवाला झालो," असं कुरकुरायचे आणि कढीचा वास घेत घरी यायचे.

आता जे सांगायचंय त्यासाठीच तुम्हाला थांबवलंय.

पावसाळा संपता संपता शोभाताईंच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी थोडा, मग चमचा धरवेना इतका. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. फोनवर त्या नंदाला यातलं अक्षर बोलल्या नाहीत. एका संध्याकाळी त्या माझ्यासाठी कढी करत होत्या. मिठाचा चमचा उचलला आणि हात असा हलला की अर्धं मीठ पातेल्यात सांडलं. काढता येईना, पाणी घालून पाहिलं, मग तशीच माझ्यात ओतली आणि कडी लावली.

नंदानं कढी चाखली आणि हसत हसत फोन लावला. "काय हो शोभाताई, आज मीठ फुकट मिळालं काय? ह्यांनी दोन तांबे पाणी प्यायलं!"

थट्टाच होती ती. रोज एकमेकींची करायच्या तशी. शोभाताईही हसल्या, असं नंदानं नंतर सुहासरावांना सांगितलं. त्या कशा हसल्या असतील ते मला कळतं, कारण पुढचे महिने मी त्यांच्याच घरात काढले.

नंदानं मला घासलं, मेथीची पातळ भाजी भरली आणि परत पाठवलं. ती भाजी शोभाताईंनी मुलाच्या पानात वाढली, स्वतः घासभर खाल्ली आणि मला धुऊन ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. मी वाट पाहत राहिलो. आज भरतील, उद्या भरतील. पण भरणार काय? पोळी लाटायला घेतली की लाटणं नाचायचं. कांदा चिरायला बसल्या तर सून सुरी काढून घ्यायची. घरात स्वयंपाकाला बाई आली.

सुनेचं नाव प्राजक्ता. वाईट नाही हो ती, उगाच तिच्यावर राग धरू नका. नोकरी करते, धावपळीत असते, सासूची औषधं वेळेवर देते. तिनं एकदा विचारलंही, "आई, नंदाकाकूंचा डबा केव्हाचा पडलाय. बाईंनी केलेली भाजी भरून देऊन येऊ?"

"नको," शोभाताई एकदम म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हातचं मी माझं म्हणून नंदाला धाडू? पहिल्या घासाला ओळखेल ती."

"मग खरं काय ते सांगून टाका ना त्यांना."

"सांगितलं की ती रोज डबे पाठवायला लागेल. आज खिचडी, उद्या सूप. नंदाला मी ओळखते. आणि मग मी परत काय देऊ? डबा एकाच बाजूनं यायला लागला ना प्राजक्ता, की तो मैत्रिणीचा राहत नाही. आजाऱ्याचा होतो. तू तिला काही बोलू नको. माझी शपथ आहे तुला."

प्राजक्तानं शपथ पाळली. नंदाचा फोन आला की ती म्हणायची, "आई झोपल्यात काकू," नाहीतर, "आई जरा देवळात गेल्यात." शोभाताई समोर खुर्चीत बसलेल्या असायच्या, मांडीवर एका हातानं दुसरा हात दाबून. चहाच्या वेळेला तर त्यांना घरात करमायचंच नाही. उठायच्या, फ्रीज उघडायच्या, आत काय आहे ते बघायच्या आणि पुन्हा लावायच्या. एकदा भोपळ्याकडे बघून त्या पुटपुटल्या, "याच्या घाऱ्या सांगितल्या असत्या तिला." मला तेव्हा वाटलं, आपल्याला तोंड आहे ते फक्त भाजी भरायला. काय उपयोग!

इकडे नंदाच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सगळा दोष तिनं त्या मिठावर घातला. "मी मिठाचं बोलले ते लागलं त्यांना," ती सुहासरावांना म्हणायची. सुहासराव म्हणायचे, "जाऊन ये की एकदा." नंदा पदर खोचायची, दारापर्यंत जायची आणि परत यायची. "मी काय एवढं चुकीचं बोलले? डबा त्यांच्याकडे आहे. बोलायचं असेल तर डबा येईल." बघा मित्रांनो, एवढी शहाणी बाई, आणि सगळा भार माझ्यावर टाकून बसली.

शेवटी उन्हाळा तोंडावर आला तेव्हा शोभाताईंनी मनाशी काहीतरी ठरवलं. घरात कोणी नव्हतं. त्या ओट्याशी आल्या आणि त्यांनी मला पुढे ओढलं.

रीत मोडायची नाही आणि घरात काही शिजलेलंही नाही, अशा वेळी आमच्याकडे बायका डब्यात मूठभर साखर घालतात. बहुतेक घरांत त्याचा अर्थ एवढाच, की डबा रिकामा दिला नाही. पण या दोघींमध्ये साखरेचा अर्थ जास्त होता. खूप वर्षांपूर्वी नंदाला टायफॉइड झाला होता आणि तिनं मला साखर घालून धाडलं होतं. शोभाताई तशाच, केस न बांधता, तिच्या दारात हजर झाल्या होत्या. "डब्यात साखर आली म्हणजे चूल बंद. काय झालं ग तुला?" असं म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरल्या होत्या.

आता त्यांनी साखरेचा डबा उघडला. हात थरथरत होता. पहिली मूठ ओट्यावर सांडली. दुसरी अर्धी सांडली, अर्धी माझ्यात पडली. तिसरी नीट पडली. "नंदा," त्या हळूच म्हणाल्या, "साखर बघितलीस की येशील ना ग? मला खूप एकटं वाटतंय इथे." झाकण बसवलं, पण चाप काही त्यांना लावता येईनात. एक लागला, एक तसाच राहिला. मग डोळे पुसले आणि संध्याकाळी प्राजक्ताला सांगितलं, "सकाळी ऑफिसला जाताना नंदाचा डबा देऊन ये. ओट्यावर आहे." साखरेचं काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती, साखर स्वतःच बोलणार होती.

मी आनंदात होतो. कित्येक महिन्यांनी मी भरलेला होतो. सकाळ कधी होते असं मला झालं होतं.

सकाळ झाली तेव्हा ओट्यावर मुंग्यांची रांग लागली होती. सांडलेल्या साखरेवरून चढून, उघड्या चापाच्या फटीतून त्या माझ्या पोटात शिरल्या होत्या. काळ्या मुंग्यांनी माझं अंग भरून गेलं होतं. प्राजक्ता घाईत स्वयंपाकघरात आली. "अरे देवा!" तिनं झाकण काढलं, आत बघितलं आणि तिला वाटलं की आई साखर घ्यायला गेल्या आणि हात हलून इथं-तिथं सांडली. तिनं ओटा पुसला. मला नळाखाली धरलं, साबण लावला, दोनदा विसळलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि दोन्ही चाप घट्ट लावले. तिच्या माहेरी, भोपाळला, दुसऱ्याचं भांडं धुऊन पुसून परत करणं हाच चांगुलपणा होता. तिनं तो मन लावून केला.

मी ओरडलो असतो हो. पण डबा ओरडला तर तो फक्त खणखणतो.

माधव नगरात स्कूटी चालूच ठेवून तिनं मला नंदाच्या हातात दिलं. नंदाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "काही म्हणाल्या का ग शोभाताई?"

"नाही काकू, एवढंच, डबा देऊन ये म्हणाल्या." आणि ती खरंच बोलत होती.

नंदानं मला आत आणलं, ओट्यावर ठेवलं. हात पदराला पुसले. लगेच उघडलं नाही तिनं, एक क्षण नुसता तळवा माझ्या झाकणावर ठेवून उभी राहिली. मग चाप काढले.

तिनं माझ्या आतून बोट फिरवलं. मग बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, रिकामा धाडला हो त्यांनी."

सुहासराव चष्मा काढत आले. "विसरल्या असतील."

"शोभाताई विसरतील? इतक्या वर्षांत एकदा तरी विसरल्या? घासून पुसून पाठवलाय. म्हणजे संपलं, असं सांगितलंय मला त्यांनी." आणि ती तिथंच ओट्याला टेकून लहान मुलीसारखी रडली. सुहासरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी त्या घरात खिचडी झाली आणि तीही निम्मी उरली.

पुढच्या रविवारी तुषारचा फोन आला तेव्हा नंदाच म्हणाली, "येतो आम्ही पुण्याला. इथे आता काय आहे माझं?"

त्यानंतर एकदा, चहाच्या वेळेला, फोन वाजला. शोभाताईंचं नाव होतं. साखर पोचली तरी नंदा का आली नाही, हे त्यांना विचारायचं असणार. किंवा काही नसेल विचारायचं, नुसता आवाज ऐकायचा असेल. नंदानं फोन हातात धरला, नाव वाचलं आणि वाजू दिला. "आता कशाला?" असं म्हणून तिनं तो पालथा ठेवला. फोन वाजत राहिला, थांबला आणि पुन्हा कधी वाजला नाही.

आता घरात बांधाबांध चाललीय. गाद्या गुंडाळल्यात, देव पेटीत गेलेत. चांगली भांडी पुण्याला जाणार, जुनी इथेच मोडीत. सुहासरावांनी मला एकदा चांगल्या भांड्यांत ठेवलं होतं. नंदानं काढलं. "तो नको. तो बघितला की मला..." आणि तिनं मला या खोक्यात टाकलं.

मित्रांनो, अशा वेळी आम्ही भांड्यांनी सांगायचं असतं की आम्हाला जपा, आपटू नका, राखेनं घासा. मला तसलं काही नको. तुम्ही मला वितळवलंत तरी चालेल. पण तुमच्या घरून कुणाचा डबा परत जाईल तेव्हा त्याबरोबर दोन शब्दही जाऊ द्या, आणि कुणाकडून रिकामा डबा आला तर रुसून बसण्याआधी त्यांच्या दारात जा. तिथे एखादी म्हातारी थरथरते हात मांडीत धरून तुमची वाट बघत बसली असेल.

तुम्हाला माझं ऐकू येतंय की नाही, मला ठाऊक नाही. आजवर कोणाला आलं नाही. तरी तुमच्यापैकी कोणी माधव नगरात राहत असेल, तर कृपा करा. नंदा अजून इथेच आहे. तिची गाडी सुटायच्या आत जिना चढून जा आणि तिला एवढंच सांगा: काकू, डब्यात साखर होती. ती धुतली गेली.